घोड्याच्या कातडीचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचे घोडेवाले, वरातीला घोड्या देणारे, शेतावर हौसेने एखादी काठियावाडी घोडी बाळगणारे, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा प्रश्नासोबत फोटो येतो ज्यात जखमेवर आधीच हळद नाहीतर निळं जांभळं काहीतरी फासलेलं असतं, मग खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. म्हणून एक विनंती सुरुवातीलाच: आधी बघा, मग लावा. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर आला तर तेही वाचा.

1. घोड्याच्या अंगावर काहीतरी उठलंय. डॉक्टरला फोन करायच्या आधी मी काय काय बघून ठेवू?

चार गोष्टी. खाजवतोय का नाही, नेमकं कुठे आहे (पाठ, आयाळ, पाय, डोळ्याचा कोपरा, खोगीर आवळणाऱ्या तंगाची जागा), किती दिवस झाले आणि पसरतंय का, आणि बाजूच्या घोड्याला किंवा मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हातालाही काही झालंय का. एवढं नीट सांगितलं तरी अर्धं निदान होतं, खरंच. मग ताप बघा, थर्मामीटर गुदद्वारात लावून, मोठ्या घोड्याचं नॉर्मल साधारण 37.5 ते 38.5 सेल्सिअस असतं.

फोटो काढताना घोडा उन्हाच्या उजेडात उभा करा, फ्लॅश नको, एक फोटो लांबून अख्ख्या घोड्याचा आणि एक जवळून, बाजूला एक रुपयाचं नाणं धरून म्हणजे आकार कळतो. आधी काही लावलं असेल तर ते लपवू नका, कुठली ट्यूब ते पण सांगा, कोणी रागवणार नाही.

2. खूप खाजवतोय, भिंतीला घासतोय. म्हणजे खरूजच ना?

नाही, खाज म्हणजे खरूज असं सरसकट नसतं. आयाळ आणि शेपटीचं मूळ घासत असेल आणि उन्हाळा-पावसाळ्यात वाढत असेल तर चिलटांची ॲलर्जी (प्रश्न 7). थंडीत लांब केस वाढल्यावर खाज सुरू झाली असेल तर केस बाजूला करून उवा-लिखा शोधा, त्या डोळ्यांना दिसतात. पाय सारखे आपटतोय, गुडघ्याच्या खाली चावे घेतोय तर पायाची खरूज असू शकते. डोकं, मान, कान असं सुरू होऊन सगळीकडे पसरलं, कातडी जाड होऊन सुरकुत्या पडल्या तर ती मोठी खरूज, ती माणसालाही लागते, हात न धुता घरात जाऊ नका.

आणि फक्त शेपटीचं मूळच घासतोय, बाकी अंग साफ आहे, असं असेल तर जंत. गुदद्वाराभोवती पिवळसर पांढरा चिकट थर दिसतो, ती जंतांची अंडी. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून उचलायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायची. हे तपासायला काही खर्च नाही तरी कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण अशा घोड्याला कितीही मलम लावा, तो घासतच राहणार.

3. पावसाळ्यात पाठीवर खपल्या येतात आणि केसांचे झुपकेच्या झुपके निघतात, हे काय आहे?

जून ते सप्टेंबर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि घाटावर तर विचारायलाच नको, दिवसेंदिवस पाऊस आणि धुकं, घोड्याची पाठ सुकतच नाही. हा डर्माटोफिलस नावाच्या बॅक्टेरियाचा आजार, बुरशीचा नाही. कोरड्या धडधाकट कातडीवर तो काही करू शकत नाही, कातडी सतत भिजून मऊ पडली किंवा माशा चावून, खोगीर घासून तिला ओरखडा आला की आत शिरतो. पाठ, पुठ्ठा, खांदे, जिथून पाणी ओघळतं तिथे जास्त. खपली उचलली की रंगकामाच्या ब्रशसारखा केसांचा झुपका हातात येतो, खाली ओलसर गुलाबी कातडी, ताजं असेल तर पिवळा पू. खाज फारशी नसते पण दुखतं, हात लावला की घोडा पाठ चोरतो.

उपचार. पहिलं आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे कोरडं ठेवणं, छपराखाली, आणि ओली झूल अंगावर ठेवू नका, झूल टाकून ओलं अंग झाकणं म्हणजे आजाराला घर करून देणं. दुसरं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शॅम्पू (2 ते 4 टक्के), फेस करून 10 मिनिटं तसाच ठेवायचा, घड्याळ लावून, मग धुवायचं आणि टॉवेलने पूर्ण सुकवायचं. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. मऊ पडलेल्या खपल्याच काढायच्या, सुक्या खपल्या नखाने ओरबाडू नका, फार दुखतं, आणि निघालेल्या खपल्या गोळा करून जाळून टाका कारण जंतू त्यात बरेच महिने जिवंत राहतात. पाऊस चालूच आहे आणि सुकवायची सोय नाही अशा वेळी रोज धुण्यापेक्षा न धुतलेलं बरं. खूप पसरलं असेल, ताप असेल तर डॉक्टर पेनिसिलिन देतात, ते मनाने देऊ नका.

त्या घोड्याचा खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश), साधा ब्रश, खोगिराखालचं कापड वेगळं ठेवा.

4. गोल गोल चट्टे पडलेत, केस गेलेत. गजकर्ण आहे का? आणि मला होईल का?

गोल चट्टा, केस मुळापासून तुटलेले, वर राखाडी कोंडा, खाज नाही किंवा थोडीशी, आणि खोगीर-तंगाच्या जागेवर किंवा तोंडावरच्या मोरखीच्या पट्ट्याखाली सुरुवात, असं असेल तर गजकर्णाची शक्यता जास्त. ही बुरशी. घोड्याला लागल्यापासून चट्टा दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जातात, त्यामुळे एका घोड्याला दिसलं तेव्हा बाकीच्या दोघातिघांना आधीच लागलेलं असू शकतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला केस उभे राहिलेले छोटे फुगवटे दिसतात तेव्हा पित्त उठलंय असंही वाटू शकतं (प्रश्न 14).

हो, माणसाला होतो. लहान मुलांना लवकर होतो. म्हणून ज्या घोड्याला गजकर्ण आहे त्याच्यावर पर्यटकांची मुलं बसवू नका, सीझन असला तरी. मला माहितीये की मे महिन्यातल्या दोन आठवड्यांची कमाई म्हणजे काय असतं, पण एका खोगिरावरून ते दहा घोड्यांना जातं आणि मग सगळा सीझनच बसतो.

धडधाकट घोड्यात हा बहुतेक वेळा दीड ते तीन महिन्यांत आपोआप बरा होतो, औषध देतो ते तो लवकर आटपावा आणि पसरू नये म्हणून. मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू किंवा डॉक्टर देतील ते बुरशीनाशक द्रावण, फक्त चट्ट्यावर नाही तर सगळ्या अंगावर, कारण चट्ट्याच्या बाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या केसांतही बुरशी असते. गोळ्यांची सहसा गरज नाही, आणि ग्रिसिओफल्विन गाभण घोडीला अजिबात नाही.

सामानाचं काय, हा त्यातला खरा प्रश्न. लाकूड, चामडं, ब्रश यांवर बुरशीचे बीजाणू महिनोन् महिने टिकतात. खरारा, प्लॅस्टिक, लाकडी खांब यांना एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, आधी माती-केस घासून काढून, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. चामड्याला ब्लीच नको, साबणाने धुवून बुरशीनाशक लावून कडक उन्हात. आणि मधल्या काळात चट्ट्यावर खरारा करू नका, त्यानेच ती अंगभर फिरते.

5. मेडिकलमधून खाज-गजकर्णाची ट्यूब आणून लावली, आधी छान वाटलं आणि आता दुप्पट झालंय. असं कसं?

कारण त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत बसते, बरं वाटतं, पण कातडीची लढायची ताकदही बसते आणि बुरशी आरामात पसरते. वर चट्ट्याचा आकारही बदलतो, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात नावं असतात ती वाचा, शेवटी "सोल", "सोन" असं काही दिसलं तर लावायच्या आधी विचारा. शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याला तर अशा ट्यूबने डोप टेस्टमध्येही अडचण येऊ शकते.

6. पायाच्या मागच्या बाजूला, खुराच्या वर, भेगा पडून लस येते. चिखलामुळे का?

चिखलाने सुरुवात होते, पण तेवढंच नसतं. सारखी ओल, लाल मातीचे खरखरीत कण, वर बॅक्टेरिया, कधी खरुजेचे किडे, आणि पांढऱ्या पायाच्या घोड्यात ऊन, सगळं मिळून हा प्रकार होतो. केस बारीक कापा, कोमट पाणी आणि क्लोरहेक्सिडीनने धुवा, सुकवा, आणि पूर्ण सुकल्यावरच झिंक ऑक्साइडचं मलम. ओल्यावर मलम लावलं तर ओल आतच कोंडते. कामावरून आल्यावर पाय पाण्याने धुवायची सवय चांगली आहे पण धुवून तसाच सोडायचा असेल तर त्यापेक्षा चिखल सुकू द्या आणि मग ब्रशने झाडा.

एका रात्रीत अख्खा पाय सुजला, गरम झाला, घोडा पाय टेकत नाही आणि ताप आहे, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

7. घोडीने आयाळ आणि शेपूट घासून पार टक्कल केलं, दरवर्षी होतं. कायमचा इलाज आहे का?

कायमचा इलाज नाही, पण ताब्यात ठेवता येतं, आणि बऱ्यापैकी ठेवता येतं. हे चिलटांच्या थुंकीची ॲलर्जी असते, क्युलिकॉइडिस जातीची, मोहरीहून बारीक चिलटं. एकाच तबेल्यातल्या दहा घोड्यांना चावतात आणि त्रास एकालाच होतो, कारण ॲलर्जी त्याची एकट्याची असते. काही घराण्यांत ती उतरते, म्हणून अशा घोडीचं शिंगरू घ्यायचं का याचा विचार आधी करा.

चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त चावतात, तेव्हा घोडा आत हवा. ती उडायला कमजोर असतात, त्यामुळे तबेल्यात एक मोठा पंखा घोड्याच्या अंगावर सोडला तर चावे खूप कमी होतात, इतका साधा उपाय आणि इतका फरक पडतो की मी सगळ्यांना आधी तोच सांगतो. साधी मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून ती आत येतात, जाळी एकदम बारीक लागते. शेण आणि ओल मिसळलेल्या चिखलात त्यांची पैदास होते, म्हणून शेण रोज लांब टाका, पाण्याच्या हौदाखालची गळती बंद करा. अंगावर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. माणसांच्या खरुजेचं बेन्झिल बेंझोएट लोशन आयाळीच्या मुळाशी लावतात, उपयोग होतो, पण कातडी फुटलेली नसेल तेव्हाच, आणि आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून एक दिवस बघा.

हे सगळं खाज सुरू व्हायच्या आधी सुरू करायचं असतं, कातडी सोलली गेल्यावर नाही. फार झालं तर डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने झटकन आराम पडतो म्हणून लोक परत परत मागतात, पण घोड्यात स्टेरॉइडने खुरं धरायची (खुराच्या आत सूज येऊन लंगडायची) भीती असते, गाभण घोडीत तर जास्तच जपावं लागतं.

8. गोचीड झालेत. गायीला लावतो तेच औषध घोड्याला चाललं तर बरं, चालेल का?

बाटलीवर अमिट्राझ लिहिलं असेल तर नाही. हे मी जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात सांगतो. गुराढोरांना टॅक्टिक किंवा तसलं अमिट्राझचं औषध बिनधास्त लावतात, पण घोड्याच्या आतड्याची हालचाल त्याने मंदावते, शेण आतच अडकतं आणि पोटशूळ होऊन घोडा दगावू शकतो. अंगावर नुसतं लावलं तरी. गोठा आणि तबेला एकाच छपराखाली आहे अशा ठिकाणी गड्याला हे नीट समजावून सांगा, बादली पण वेगळी ठेवा.

गोचिडांसाठी घोड्याला परमेथ्रिन-डेल्टामेथ्रिन गटातली औषधं वापरतात, प्रमाण डॉक्टरकडून घ्या. हाताने काढायचा असेल तर चिमट्याने कातडीला चिकटून पकडा आणि सरळ ओढा, काडीने जाळू नका, रॉकेल लावू नका. कानाच्या आत, आयाळीखाली, शेपटीखाली, मागच्या मांड्यांमध्ये बघायला विसरू नका. गोचिडांमुळे घोड्याला रक्तातला ताप पण येतो, तेव्हा गोचीड झाल्यावर घोडा मरगळला, हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या दिसल्या तर रक्त तपासा. उवांचं औषध दोन आठवड्यांनी परत करावं लागतं कारण लिखा पहिल्या खेपेला मरत नाहीत. घोड्याच्या उवा माणसाला लागत नाहीत.

9. जंत-खरुजेच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारलं की सगळं जातं असं सांगतात. मारू का?

घोड्याला तोंडातून द्यायची पेस्ट मिळते, तीच द्या. गुरांचं इंजेक्शन घोड्याला टोचल्यावर त्या जागी सूज येते आणि कधी कधी आत जंतू वाढून मांस सडतं, जिवावर बेततं. पेस्टचं प्रमाण किलोला 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 300 किलोच्या तट्टाला 60 मिलिग्रॅम, वजन डोळ्याने न ठरवता मोजपट्टी लावून काढा. खरुजेला साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, उवा-गोचिडांवर भरवसा ठेवण्यासारखं नाही, आणि बुरशीवर, पावसाळी खपल्यांवर तर काहीच उपयोग नाही. तेव्हा "सगळं जातं" हे खरं नाही.

10. खोगिराखाली जखम झालीये. जाड गादी घालून काम चालू ठेवलं तर चालेल का?

नाही. जखमेवर जाड गादी घातली तर दाब कमी होत नाही, त्याच जागी जास्त पडतो, आणि गादीला भोक पाडून जखम मोकळी ठेवली तर भोकाच्या कडेला नवीन जखम होते. जखम पूर्ण भरून वर केस येईपर्यंत त्या पाठीवर खोगीर नाही, एवढाच खरा उपाय आहे. जखम असलेल्या, कामाला अयोग्य जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात गुन्हाही आहे.

जखम कुठे आहे त्यावरून कारण कळतं. खांद्याच्या उंचवट्यावर असेल तर खोगिराचा पुढचा भाग खाली बसलाय किंवा घोडा बारीक झालाय. कण्यावर मधोमध असेल तर खोगिराच्या दोन गाद्यांमधली फट बुजलीये. एकाच बाजूला असेल तर आतलं लाकूड वाकलंय किंवा बसणारे सारखे एकाच बाजूने चढतायत, चढायला ओटा वापरा. तंगाखाली असेल तर घामाचं मीठ आणि लाल माती, तंगाचं कापड रोज धुवा. काम संपल्यावर खोगीर काढून पाठीवरच्या घामाचा छाप बघायची सवय लावा, सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा पट्टा दिसला तर तिथे दाब इतका आहे की घामही येत नाहीये, उद्याची जखम तिथेच. खोगिराच्या जागी पांढरे केसांचे ठिपके दिसतात ना घोड्यांच्या, ते जुन्या दाबाचेच, विकत घेताना बघा.

जखम धुवायला उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साधारण 9 ग्रॅम मीठ, म्हणजे दीड छोटा चमचा. आणि धनुर्वाताची लस झाली नसेल तर आधी डॉक्टर, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

11. छोटीशी जखम होती, महिने झाले भरत नाही, उलट मांस वर येतंय. बरसाती आहे म्हणतात. म्हणजे काय?

घोडेवाले बरसाती म्हणतात तो आजार माशांमुळे होतो. घोड्याच्या पोटात एक जंत असतो, हॅब्रोनेमा, त्याच्या अळ्या शेणातून माशीच्या अळीत जातात, माशी मोठी झाली की ती ओल्या जागेवर बसते, जखम, डोळ्याचा आतला कोपरा, ओठ, लिंगाची त्वचा, आणि तिथे त्या अळ्या सोडते. त्या तिथे वाढू शकत नाहीत पण कातडी त्यांच्यावर चवताळते, लालसर दाणेदार मांस येतं, सहज रक्त येतं, खाज सुटते, आणि दाबलं की तांदळाच्या कणीएवढे पिवळे कडक दाणे निघतात. गरमी आणि माशा असेपर्यंत वाढतं, थंडीत बसतं, पुढच्या वर्षी परत.

फक्त वरून मलम लावून हे जात नाही. पोटातून आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन, सोबत डॉक्टरच्या सल्ल्याने सूज उतरवणारं औषध, जखमेवर माशी बसू नये म्हणून पट्टी, आणि तबेल्यातलं शेण रोज उचलणं. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना जंताचं औषध, एकट्याला नाही.

पण प्रत्येक वर आलेलं मांस बरसाती नसतं. गुडघ्याखाली जखम झाली की घोड्यात नुसतंच मांस वाढतं, त्याला नसा नसतात म्हणून डॉक्टर ते सपाट कापून पट्टी बांधतात, घोड्याला कापताना दुखतही नाही. साचलेल्या तळ्याच्या पाण्यात उभा राहणारा घोडा असेल, जखम काही आठवड्यांत भराभर पसरली, धाग्यासारखी लस गळते आणि आतून पोवळ्यासारखे फाटे असलेले खडे निघतात, तर तो पायथियम या पाण्यातल्या बुरशीसारख्या जंतूचा आजार, त्याला थांबायला वेळ नाही, लवकर ऑपरेशन लागतं. आणि चौथी शक्यता सारकॉइड (प्रश्न 15). म्हणून महिनाभर न भरलेल्या जखमेचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचा का हे डॉक्टरला विचारा, मोरचूद चोळत बसू नका.

12. जखमेत किडे पडलेत, काय टाकू?

पेट्रोल, फिनाईल, डांबरगोळी नको. मिठाच्या पाण्याने (प्रश्न 10) जोरात धुवा, चिमट्याने दिसतील तेवढे किडे काढा, दुसऱ्या दिवशी परत, कारण खोल गेलेले नंतर वर येतात. कडेच्या कातडीवर माशी पळवणारं मलम. डोळ्याजवळ किंवा खोल पोकळी असेल तर स्वतः करू नका.

13. घरगुती काय लावलं तर चालतं? हळद, खोबरेल, कडुलिंब, जळकं ऑइल?

खोबरेल तेल सुक्या कोंड्यावर चालतं, ओल्या खपल्यांवर नाही. कडुलिंबाचं तेल खोबरेलात पातळ करून माशा पळवायला चालतं, नुसतं घट्ट लावलं तर कातडी भाजते. हळदीने फार नुकसान नाही, पण ती सगळं पिवळं करते आणि खालचं दिसत नाही. गाडीचं जळकं ऑइल, डिझेल, बॅटरीचं पाणी, चुना, मोरचूद, हे कधीच नाही, कातडी जळते आणि घोडा चाटून आजारी पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नवीन आलेलं मांसही मरतं. भांड्याच्या साबणाने रोज आंघोळ घातली तर कातडीवरचं तेल निघून जातं आणि मग ती प्रत्येक जंतूला वाट देते.

14. सकाळी बघितलं तर अंगभर गाठी, पैशाएवढ्या. रात्री तर काही नव्हतं!

पित्त उठलंय. गाठीवर बोटाने दाबलं की खळगा राहतो, केस शाबूत असतात. नवीन चंदी, नवीन गवत, नवीन औषध, लस, माशा किंवा मधमाश्या, काय बदललं ते आठवा आणि ते थांबवा, बरेचदा एक-दोन दिवसांत उतरतं. तोंड-नाकपुड्या सुजल्या, श्वासाला आवाज येतोय तर तो तातडीचा मामला, त्याच क्षणी डॉक्टर. सहा-सात दिवसांनीही गाठी आहेत आणि वर कोंडा आलाय तर प्रश्न 4.

15. चामखीळ आहे, घोड्याचाच केस बांधून पाडू का?

दोन-तीन वर्षांच्या आतल्या शिंगराच्या नाकावर-ओठांवर बारीक बारीक पुष्कळ असतील तर त्या खऱ्या चामखीळ, काही महिन्यांत आपोआप जातात, हात लावू नका. मोठ्या घोड्याला एखादीच असेल, पोटाखाली, मांडीत, डोळ्याजवळ, कानाजवळ, तर तो सारकॉइड असू शकतो, घोड्याच्या कातडीची सगळ्यात जास्त दिसणारी गाठ. गुरांच्या चामखीळीच्या विषाणूशी त्याचा संबंध आहे. तो आतल्या अवयवांत पसरत नाही पण अर्धवट कापला, केसाने बांधला, ॲसिड लावलं तर चवताळून आधीपेक्षा मोठा येतो. म्हणून सारकॉइडला एकदाच आणि पुरेपूर उपचार करायचा, नाहीतर मापून, फोटो काढून, नजर ठेवायची.

16. पांढरी घोडी आहे, नाक सोललं जातं आणि शेपटीखाली काळ्या गाठी आल्यात. दोन्ही एकच का?

एकाच घोडीत दोन्ही सहसा नसतात, म्हणून आधी ती नुकरा आहे का सब्जा ते बघा. नुकरा जन्मतः पांढरी, कातडी गुलाबी, तिला ऊन भाजतं, नाक आणि डोळ्यांभोवती. दुपारी सावली, नाकावर झिंक ऑक्साइड. पण फक्त पांढऱ्या जागाच सोलल्या जातायत, रंगीत जागा जशीच्या तशी आहे आणि अचानक सुरू झालंय तर लिव्हर तपासा, लिव्हर बिघडलं किंवा घाणेरीसारखं काही खाण्यात आलं तर ऊन सोसत नाही.

सब्जा म्हणजे काळी-तपकिरी जन्मून वयाबरोबर पांढरी होणारी, कातडी काळी. तिच्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती येणाऱ्या काळ्या कडक गाठी म्हणजे मेलॅनोमा, 15 वर्षांवरच्या सब्ज्या घोड्यांत 80 टक्क्यांच्या आसपास जणांना येतात. बऱ्याच वर्षानुवर्षं हळू वाढतात, पण शेण करायला अडथळा व्हायला लागेपर्यंत वाट बघू नका, लहान असताना काढणं सोपं.

वरातीच्या घोड्यांना मेंदी, काळा रंग लावतात त्याबद्दल: काळ्या मेंदीत आणि केसांच्या डायमध्ये जे रसायन असतं त्याने माणसाला येतात तसेच फोड घोड्यालाही येऊ शकतात. साधी पानाची मेंदी वापरा.

17. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला एका ओळीत गाठी आल्यात, फुटून मधासारखी लस येते. कोणतं मलम?

कोणतंच नाही. हात लावू नका, हातमोजे घाला, घोडा वेगळा बांधा, त्याचं पाणी-दाणा वेगळं करा, आणि आजच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 या टोल फ्री नंबरवरही सांगता येतं.

हा ग्लँडर्स असू शकतो. नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, बारीक होत जाणं असंही सोबत असतं, किंवा फक्त पायावरच्या गाठी. माणसाला लागतो आणि माणसाच्या जिवावर उठतो. भारतात बरीच वर्षं दिसला नव्हता, 2006 साली महाराष्ट्रातच परत निघाला आणि मग इतर राज्यांतही सापडत राहिला. 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासलं जातं, पक्का निघाला तर उपचार करत नाहीत, घोड्याला वेदना न देता मारावं लागतं आणि सरकारकडून भरपाई मिळते. मला माहितीये हे वाचताना पोटात गोळा येतो, ज्याच्या जिवावर घर चालतं त्या जनावराबद्दल आहे हे. पण लपवून ठेवलेला एक घोडा शेजारच्या पन्नास घोड्यांना आणि मोतद्दाराच्या पोरांना धोका आहे. आणि अशाच ओळीने गाठी आणणारे दुसरे आजारही आहेत, बुरशीचा एक आहे, जो ग्लँडर्स नाही, त्यामुळे तपासणी झाल्याशिवाय घाबरून घोडा विकायला काढू नका, ते तर सगळ्यात वाईट.

18. सारंगखेड्याहून घोडा आणलाय. लगेच बाकीच्यांत बांधू का?

दत्तजयंतीची सारंगखेड्याची जत्रा असो, नांदेडकडची माळेगाव यात्रा असो, अकलूजचा बाजार असो, तिथे वेगवेगळ्या राज्यांतले घोडे एकाच दावणीला येतात. निदान तीन ते चार आठवडे वेगळं ठेवा, वेगळी बादली, वेगळा खरारा, आणि मोतद्दाराने त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद विकणाऱ्याकडून मागा, नसेल तर रक्त द्या. बाजारात तेल लावून चकाकणारी कातडी बघून भुलू नका, आयाळ उचलून बघा, खोगिराची जागा केसांच्या उलट दिशेने हात फिरवून बघा, शेपटी उचला.

19. डॉक्टर सँपल घ्यायचं म्हणतात. काय काय घेतात, आणि आमच्या गावात लॅब नाही?

खरुजेसाठी ब्लेडने कातडी खरवडतात, थोडं रक्त दिसेपर्यंत, कारण किडे आत असतात. गजकर्णासाठी चट्ट्याच्या कडेचे केस उपटतात, मधले नाही. निळा दिवा लावून गजकर्ण दिसतो असं सांगतात, पण घोड्याच्या नेहमीच्या बुरशीत तो चमकत नाही. पावसाळी खपलीखालचा पू काचपट्टीवर पसरतात, मायक्रोस्कोपखाली जंतू दुहेरी ओळीत दिसतात. गाठीचा तुकडा लागला तर डॉक्टरच घेतील. केस आणि खपल्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरून दुसरीच बुरशी वाढते. आणि सँपलच्या आधी काही लावू नका.

मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याकडे शिरवळ, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, विदर्भात नागपूर, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, यांपैकी जवळचं बघा. तालुक्याच्या डॉक्टरमार्फत पाठवलं तर सोपं जातं.

20. सगळं केलं तरी परत परत होतं. आता काय?

मग कातडीच्या पलीकडे बघायला हवं. 15 वर्षांवरचा घोडा, उन्हाळ्यातही लांब कुरळे केस झडत नाहीत, पाणी जास्त पितो, तर मेंदूतल्या ग्रंथीचा आजार असतो, त्यात प्रतिकारशक्ती कमी होते, रक्तावरून कळतं. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत घाम यायचाच बंद झाला, तोंडावरचे केस विरळ झाले, कामानंतर श्वास फार वेळ जोरात चालतो, तर तो घाम न येण्याचा आजार, अशा घोड्याला दुपारी काम देऊ नका. बारीक असेल तर दात आणि जंत. आणि एकच घोडा नाही तर सगळेच परत परत आजारी पडत असतील तर औषध बदलू नका, खरारे, खोगिराखालची कापडं आणि तबेल्याची जमीन बघा.

21. बरा झाला असं कधी समजायचं? कामाला कधी लावू?

खोगिराच्या जखमेला वर केस येऊन हाताने दाबल्यावर घोड्याने पाठ न चोरणं ही खूण. गजकर्णात नवीन चट्टा येणं थांबलं आणि जुन्यात मधून कडेपर्यंत केस उगवले की, शक्य असेल तर एकदा परत केस तपासून. खरुजेत दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे खाज नाही तर. पावसाळी खपल्यांत नुसती खपली गेली म्हणजे बरा नाही, खालची कातडी कोरडी आणि नेहमीच्या रंगाची हवी, तोपर्यंत त्या पाठीवर ना खोगीर ना झूल. पहिले काही दिवस अर्धाच वेळ काम, हलका माणूस, आणि प्रत्येक फेरीनंतर तंग सोडून पाठ बघायची.